धाकटीच्या नावाने

राखेचा बुधवार

धाकटे,

हे पत्र तुला आज मिळणार नाही, उद्याही नाही. तुमच्या मदरनी आईला कळवलंय की ईस्टरपर्यंतचा हा सगळा उपवासकाळ मठात कुणाला पत्रं द्यायची नाहीत आणि कुणी लिहायचीही नाहीत. येतील ती पेटीत राहतील आणि ईस्टरला एकदम हातात पडतील. म्हणून तर लिहायला बसले. गेल्या वेळी मठातल्या भेटीच्या जाळीपाशी भांडून निघाले ती मी पुन्हा फिरकले नाही. तोंडावर बोललं की तू त्या शांत चेहऱ्याने नुसती बघत राहतेस आणि माझा आणखी भडका उडतो. त्यापेक्षा पेटीशी भांडलेलं बरं.

सकाळी मिस्साला गेले, कपाळावर राख घेतली आणि तशीच दुकानात आले. आपले कटिंगमास्तर म्हणतात, "बाई, कपाळाला खडू लागलाय." म्हटलं, मास्तर, इतकी वर्षं कापड आखताय, खडू कधी काळा बघितलात? तोवर एका नवरीच्या आईने रुमाल काढून पुसायला हात पुढे केलासुद्धा. असा माझा उपवासकाळ सुरू झाला.

फादर प्रवचनात काय म्हणाले ऐक. यंदा गोड सोडू नका, मांस सोडलं म्हणून मिरवू नका. यंदा घाई सोडा. देवासाठी रोज थोडं रिकामं व्हा.

रिकामं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आपल्या घरात हा शब्द शिवीसारखा. बाबा दुकानातून ओरडायचे, "रिकामी बसलीस का?" आणि मी काही नाही तर पडलेल्या टाचण्या वेचायला लागायचे. तू मात्र वर आईच्या खोलीत पाय पोटाशी घेऊन बसलेली असायचीस आणि तुला कोणी काही म्हणायचं नाही. म्हणे तिचा स्वभावच शांत. माझा नव्हता का? मला कोणी विचारलं होतं?

आणि फादरना कोण सांगणार की उपवासकाळ म्हणजेच आमचा सीझन? या दिवसांत चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत, म्हणून सगळ्या नवऱ्या ईस्टरनंतरच्या आठवड्यांवर तुटून पडतात. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. जिकडे बघावं तिकडे पांढरे झगे टांगलेले. रोज दुसऱ्यांना नवऱ्या करते मी. स्वतःला करायला काही सवड झाली नाही.

तुझं बरं आहे. सकाळी देव, दुपारी देव, संध्याकाळी देव. सगळं जग तुला सिस्टर म्हणतं. खरी बहीण मी, आणि मला मधे जाळी.

जळते मी तुझ्यावर. लिहून टाकलं.

ताई


पहिला रविवार, दुपारी

धाकटे,

केलं मी. फादरचं ऐकलं. रोज दुपारी दुकान मास्तरांच्या हवाली करून वर जाऊन बसायचं ठरवलं. तू म्हणशील देवाने ओढून घेतलं. कसलं काय! ईर्ष्येने बसले. म्हटलं, धाकटीला जमतं ते मला न जमायला काय झालं?

आता बसायचं कुठे? दुकान खाली, स्वयंपाकघरात इस्त्रीचं टेबल, माझ्या खोलीत तर पलंगावरही अस्तराचं कापड. घरात मोकळी जागा एकच, आईची खोली. खिडकीपाशी ती वेताची खुर्ची आहे ना, तिच्यावर बसले. समोर रस्ता, औषधाचं दुकान, बसथांबा. हात मांडीवर ठेवले. आता ये म्हटलं देवा, मी रिकामी आहे.

देव आला नाही. आली ती कोपऱ्यावरच्या शिक्षिकेच्या झग्याची झालर. ती दोन्हीकडे सारखी पडली नाहीये. मग बाहीचं अस्तर आठवलं. मग मास्तर कैची कुठे ठेवत असतील ते. हातांना तर कळेचना की आपण काय करायचंय. शेवटी पदराचा एक सुटलेला दोरा सापडला आणि तो ओढत बसले.

आणि आई? मी दारातून आत आले आणि तिने डोळे मिटले.

हे तुला मी कधी सांगितलं नाही. ती नेहमी असंच करते. मी औषध घेऊन वर गेले, गोळी दिली, पाणी पाजलं, चादर सारखी केली, की हिचे डोळे मिटलेच. दोन शब्द नाहीत. मला वाटायचं वय झालं, झोप येते. पण तुझं पत्र आलं की? तेव्हा झोप कुठे जाते? उशीला टेकून ताठ बसते, चष्मा लावते, वाचायचं मला असतं तरी. पत्र संपलं की म्हणते, "पुन्हा एकदा वाच." चार पानं तुझी, तीही तुळशीच्या बियांसारख्या बारीक अक्षरात, आणि मी ती दोनदा वाचायची! शेवटी काय, तर "ताईला नमस्कार". माझ्या वाट्याला एवढंच. आणि तो नमस्कारसुद्धा मीच मोठ्याने वाचायचा.

आईचं विसरणं वाढलंय, हे मात्र तुला कळायला हवं. डॉक्टर म्हणाले, माणसं ओळखेल, पण चेहऱ्याने ओळखेलच असं नाही. मला वाटलं, मला कशी विसरेल? रोज डोळ्यांसमोर मीच तर असते.

ताई


एक मंगळवार

आज काय झालं ते लिहिते.

मी खुर्चीवर बसले होते. आता जरा बरं बसता येतं. झालरी येतात डोळ्यांपुढे, पण येतात तशा जातात. आईने डोळे उघडले. मी म्हटलं गोळीची वेळ झाली का बघावी, तर ती माझ्याकडे बघून हसली. तशी हसलेली मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. म्हणाली, "धाकटे, कधी आलीस गं?"

मी उठायला लागले.

"बस, बस," म्हणाली. "तू आलीस की बसतेस. थोरली कुठली बसायला?"

कळलं ना तुला? चेहऱ्याने नाही, बसण्याने ओळखते ती. हातात ट्रे, उभी, निघायच्या घाईत, म्हणजे थोरली. खुर्चीत, हात मांडीवर, म्हणजे धाकटी. आयुष्यात पहिल्यांदा मी या घरात रिकामी बसले आणि बसता बसता तू झाले!

तिने माझा हात हातात घेतला. माझा हात, टाचण्यांनी खरखरीत झालेला. तोही तिला कळला नाही. म्हणाली, "मठात फार धुणं पडतं वाटतं तुला." संध्याकाळ होईपर्यंत काय काय बोलत होती. बाबांनी तिला पहिल्यांदा कुठे पाहिलं ते सांगितलं. मला नव्हतं माहीत. तुला होतं का? नक्कीच असणार.

खाली आले तर मास्तर चिडलेले. "बाई, तुम्ही वर बसलात की खाली सगळा गोंधळ." शिक्षिकेची झालर त्यांनी उलट्या बाजूने टीप मारून बसवली होती. उसवायला बसले आणि रडले. नवरीची आई म्हणाली, "असू दे हो बाई, झालरच तर आहे."

ताई


चौथा आठवडा

धाकटे,

मी चोर झालेय. रोज दुपारी वर जाते आणि तुझं तुझं सगळं घेऊन येते. तुझ्या केसांवरून हात, तुझी थट्टा, "माझी शहाणी बाय" हेसुद्धा. घेताना गोड लागतं, खाली आले की पोटात दुखतं. कारण ते माझं नाहीच.

नवऱ्या परत पाठवायला लागलेय मी. तीन जणींना नाही म्हटलं. मास्तरांना वाटतंय माझं डोकं फिरलंय.

पण आज ऐकलं ते तुला सांगायलाच हवं. तिने दाराकडे बघून हळूच विचारलं, "थोरली खाली आहे ना?" मी मान हलवली. मग कुणी ऐकेल अशी भीती असल्यासारखी म्हणाली, "तिला सांगू नको हं. ती वर आली की मी झोपेचं सोंग घेते."

म्हटलं, घ्या, आता ऐका स्वतःच्या कानांनी. "का गं?" मी विचारलं.

"अगं, ती मरमर मरते. खाली माणसं थांबलेली, वर मी. मी जागी दिसले तर बिचारी पाय मोडून उभी राहते, जावं की थांबावं कळत नाही तिला. मी झोपले की सुटते. जाते लगेच."

इतकी वर्षं! धाकटे, इतकी वर्षं मी त्या मिटलेल्या डोळ्यांवर रागावून जिना उतरलेय. आणि ती आत डोळे मिटून माझी पावलं ऐकत होती, गेली का, सुटली का म्हणून.

मी फादरकडे गेले. पापनिवेदनाच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, फादर, हे खोटं बोलणं झालं का? ते म्हणाले, "तुम्ही सांगता का तिला की मी धाकटी आहे म्हणून?" म्हटलं, नाही, ती म्हणते आणि मी गप्प बसते. "मग बसा की गप्प," म्हणाले. "तेच तर सांगितलं होतं."

मी विचारलं, पण देवाचं काय? मी देवासाठी बसायला लागले होते. तिथे आई बोलते, मी ऐकते, देवाला कुठे जागा राहिली? यावर फादर म्हणाले, "त्याची गैरसोय होत असेल असं मला वाटत नाही." आणि मला प्रायश्चित्त काय दिलं माहितेय? रोज दुपारी वर जाऊन बसायचं. म्हटलं, अहो, ते तर मी करतेच आहे!

ताई


झावळ्यांचा रविवार

आज मी मोडलं सगळं. मुद्दाम केलं नाही, राहवलं नाही म्हणून झालं.

आजच्या रविवारी चर्चमध्ये वाटतात ती झावळी आणून आईच्या हातात दिली. ती तिच्याशी खेळत होती. मग म्हणाली, "यंदा तुझी पत्रं नाहीत आली." मी म्हटलं, उपवासकाळ आहे ना, लिहू देत नाहीत. ती म्हणाली, "तुझं नाही गं. मला थोरली दिसत नाही त्याने."

मला समजलं नाही. म्हणून विचारलं, म्हणजे काय?

"रागावू नको हं," म्हणाली. "तुझं पत्र मला एकदा ऐकलं की पुरतं. पुन्हा वाचायला लावते ते ती बसावी म्हणून. पत्र वाचणं म्हणजे तिला काम वाटतं ना, मग बसते ती. किती छान वाचते! मधेच तुझ्यावर चिडते, नाकातून श्वास सोडते, मला हसू येतं. मी तुझ्या पत्राची वाट बघते ती त्यासाठी."

धाकटे, मला आनंद झाला. तुझ्यापासून काय लपवायचं? वाईट, कुजका आनंद झाला. तुझी चार चार पानं, तो बारीक अक्षरातला देव, ते सगळं मला खुर्चीत बसवण्यासाठी! मी जिंकले होते. कधीपासूनच जिंकलेली होते आणि मला ठाऊक नव्हतं.

आणि पुढच्याच क्षणी पुन्हा पोटात दुखायला लागलं. कारण हे तिने सांगितलं कुणाला? तुला. माझ्याबद्दलची इतकी गोड गोष्ट, तीसुद्धा तिने तुझ्याच कानात सांगितली.

ती पुढे म्हणाली, "तू एवढी लांब, तरी लिहितेस. थोरलीने मला कधी लिहिलं नाही. लिहिणार कशाला म्हणा, एकाच घरात. पण तुझं वाचून दाखवते तेव्हा वाटतं, हिचंही एखादं असावं."

तेव्हा माझा धीर सुटला. मी खुर्चीतून उठले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तिचा चेहरा धरला आणि म्हटलं, "आई, मीच गं थोरली. बघ ना. मीच आहे. रोज मीच बसते."

तिने बघितलं. आणि ओळखलं, धाकटे. खरंच ओळखलं. डोळ्यांत एकदम भीती आली. "दुकानाला काय झालं?" म्हणाली. "आग लागली का?" मी म्हटलं, काही नाही झालं, दुकान ठीक आहे. "मग तू वर कशी? गिऱ्हाइकं थांबली असतील, जा, जा. मला काही नको. मी झोपतेय बघ." आणि घट्ट डोळे मिटून घेतले. पापण्या हलत होत्या. झावळी हातातच होती.

मी जिन्यात बसून राहिले. खाली घंटी वाजत होती, कुणीतरी ट्रायलला आलं होतं. वाजू दिली.

ताई


पवित्र शनिवार

धाकटे,

हे मास्तरांच्या हाती आजच मठात पोचेल, म्हणजे उद्या तुला ही सगळी पत्रं एकदम मिळतील. म्हणून हे शेवटचं नीट वाच. बाकीची हवी तर फाडून टाक.

चार दिवस मी वर बसायला गेले नाही. औषध दिलं, उभी राहिले, ती झोपली, मी सुटले. अगदी पूर्वीसारखं. मग काल गुड फ्रायडे. दुकान बंद होतं आणि झग्यांवर चादरी टाकल्या होत्या. मला काही केल्या करमेना. वर गेले आणि खुर्चीत बसले. हात मांडीवर ठेवले. बराच वेळ गेला. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "धाकटे, आलीस? किती दिवस कुठे होतीस?"

मी म्हटलं, "हो आई, आले."

पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. फादरकडे पुन्हा जावं लागणार, आता तर गप्प बसण्याची सबबही राहिली नाही.

थोरली म्हणून गेले तर ती मला मायेपोटी हाकलते. धाकटी म्हणून गेले तर बसू देते. तिच्याकडे वेळ किती उरलाय मला माहीत नाही, आणि मला तिथे बसायचंय. मग नाव तुझं असलं तर असू दे. उपवासकाळात लोक साखर सोडतात, मी नाव सोडलंय. ते ईस्टरनंतर परत घेता येणार नाही, एवढाच फरक. तू तर मठात जाताना तुझं नाव सोडलंसच. तुला ते सोपं गेलं की अवघड, हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारतेय.

देव येतो की नाही, मला अजून सांगता येत नाही. तिथे बसले की खालची घंटी ऐकू येते आणि मी उठत नाही. माझं एवढंच झालंय. तुला त्यातलं जास्त कळत असेल.

आता काम सांगते. आईला माझं पत्र हवंय, थोरलीचं. मी लिहायला बसले होते. "प्रिय आई" लिहिलं आणि पुढे "गोळी दुधाबरोबर घे" असं लिहिलं गेलं. मला मापं लिहायची सवय, दुसरं काही येत नाही. तुला येतं. ते पत्र तू लिही.

तू थोरली हो, एकदाच. खाली दुकानात उभी राहा, माझ्या पायांवर, आणि तिथून तिला लिही. नमस्कार-चमत्कार नको. मी फार गुणी आहे असं लिहू नको, तिला खरं वाटणार नाही. लिही की मी दमते. लिही की दुकानाला काही झालेलं नाही, आग लागलेली नाही, तरी मला वर यावंसं वाटतं. लिही की तू झोपेचं सोंग घेतेस ते मला माहीत आहे. आणि धाकटीवर मी आयुष्यभर जळत आलेय, तेही लिही. वगळू नको, अजूनही जळते.

देवाबद्दल काही घालू नको. घातलंस तर मी ते वाचताना गाळीन.

लवकर पाठव. उत्तर म्हणून मला वेगळं लिहीत बसू नको, तो वेळही त्यातच घाल. बारीक अक्षर काढू नको, माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. आणि मनापासून लिही गं. मला ते तिच्यासमोर मोठ्याने वाचायचंय.

ताई